इलेक्ट्रॉनचा हिशोब: रेडॉक्स आणि विद्युत रसायनशास्त्र हाताने करून शिकताना

विद्युत रसायनशास्त्रात बहुतेकांची गाडी अडते ती नावांपाशी. ऑक्सिडीकरण म्हटले की डोळे ऑक्सिजन शोधू लागतात, क्षपण म्हटले की काहीतरी घटले असणार असे वाटते, आणि धनाग्र म्हटले की ते धन असणारच. यातली एकही समजूत नेहमी खरी ठरत नाही. ही नावे पडली तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला ठाऊकच नव्हता. त्याचा शोध १८९७चा. त्यामुळे नाव बाजूला ठेवून तीनच प्रश्न विचारायची सवय लावायची: इलेक्ट्रॉन कोणी दिले, कोणी घेतले, आणि किती? खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांभोवती आहेत.

करून बघायचे असेल तर हे जमवा: मोरचूद (कॉपर सल्फेट), झिंक सल्फेट, जस्ताची एक पट्टी, तांब्याची पट्टी किंवा जाड तार, दोन-चार साधे लोखंडी खिळे (स्टेनलेस नकोत), पॉलिश पेपर, काचेचे पेले, मल्टिमीटर, दीड व्होल्टचा सेल, ९ व्होल्टची बॅटरी, चिमटे लावलेल्या तारा आणि पेन्सिलीचे शिसे. या शिशात शिसे नसते, ग्राफाइट असते. नावांवर विसंबू नये याचा हा पहिला नमुना. मोरचूद विषारी आहे: हातमोजे आणि चष्मा घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, आणि उरलेले द्रावण तसेच मोरीत ओतू नका. त्याचे काय करायचे ते शेवटी सांगतो.

पायरी १: खिळा आणि मोरचूद

पेल्यात पाणी घेऊन ते गडद निळे होईल इतके मोरचूद विरघळवा. खिळा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि अर्धा बुडेल असा सोडा. मिनिटभरात बुडलेल्या भागावर तांबूस थर दिसू लागतो. तासाभराने थर जाड होतो, बोटाने पुसला तर निघून येतो. खिळे बरेच आणि द्रावण थोडे असेल, तर दुसऱ्या दिवशी निळा रंग उतरून फिकट हिरवट झाक आलेली दिसते.

आता उलटा प्रयोग करा. फेरस सल्फेटच्या द्रावणात तांब्याची तार ठेवा आणि हवा तितका वेळ थांबा. तार जशीच्या तशी राहते.

पहिल्या पेल्यात जे घडले ते दोन ओळींत मांडता येते:

लोह → लोह (२+) + २ इलेक्ट्रॉन
तांबे (२+) + २ इलेक्ट्रॉन → तांबे

लोहाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले आणि तो आयन, म्हणजे प्रभार असलेला कण, होऊन पाण्यात उतरला. द्रावणातल्या तांब्याच्या आयनाने ते घेतले आणि तो धातू होऊन खिळ्यावर बसला. निळा रंग तांब्याच्या आयनांचा होता, म्हणून तो उतरला; हिरवट झाक आली ती लोहाच्या आयनांची. सल्फेट आयन पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता प्रेक्षक आहे. पुस्तकात 'लोह + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबे' असे छापलेले असते तेव्हा हा प्रेक्षकही नाटकात काम करत असल्यासारखा दिसतो. समीकरण वाचताना त्याला आधी बाजूला बसवा.

पायरी २: शब्द आणि ते लक्षात ठेवायची युक्ती

इलेक्ट्रॉन देणे म्हणजे ऑक्सिडीकरण, इलेक्ट्रॉन घेणे म्हणजे क्षपण. दोन्ही एकत्रच घडतात, कारण कोणी दिल्याशिवाय कोणाला घेता येत नाही. या जोडीचे नाव रेडॉक्स अभिक्रिया.

'ऑक्सिडीकरण' हा शब्द आला तो ऑक्सिजनशी संयोग होण्यावरून. मॅग्नेशियम हवेत जळते तेव्हा तो अर्थ चपखल बसतो. पण तेच मॅग्नेशियम क्लोरीन वायूतही जळते. तिथे ऑक्सिजनचा कणही नाही, तरी मॅग्नेशियमने दोन इलेक्ट्रॉन गमावलेच, म्हणून तेही ऑक्सिडीकरण. 'क्षपण' हा रिडक्शनचा प्रतिशब्द. धातुक तापवून धातू काढला की वजन घटायचे, त्यावरून हे नाव पडले. आज त्याचा अर्थ इलेक्ट्रॉन मिळवणे असा आहे आणि शब्द मात्र घटण्याचा. गोंधळ होणारच.

मी स्वतःसाठी केलेली युक्ती अशी: ऑक्सिडीकरण म्हणजे ओवाळून टाकणे, क्षपण म्हणजे कमाई. 'ओ'ने द्यायचे, 'क'ने कमवायचे. 'क्ष' हे जोडाक्षर क आणि ष मिळून झालेले आहे, तेव्हा युक्ती अक्षरशःही खरी आहे. हीच पुढे अ‍ॅनोड-कॅथोडलाही कामी येते.

आणखी एक जोडी पक्की करा. जो इलेक्ट्रॉन देतो तो समोरच्याचे क्षपण घडवून आणतो, म्हणून तो क्षपणक. जो घेतो तो समोरच्याचे ऑक्सिडीकरण घडवतो, म्हणून तो ऑक्सिडक. आपल्या प्रयोगात लोह क्षपणक आहे आणि त्याचे स्वतःचे मात्र ऑक्सिडीकरण होते. परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात. पदवी कर्त्याला त्याने दुसऱ्याचे काय केले यावरून मिळते, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

पायरी ३: इलेक्ट्रॉन दिसत नसतील तेव्हा ऑक्सिडीकरण अंक

खिळ्याच्या प्रयोगात आयन उघड होते. पण कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो तेव्हा कोणी कोणाला इलेक्ट्रॉन दिले? तिथे आयन नाहीत, इलेक्ट्रॉनची भागीदारी आहे. अशा वेळी हिशोबापुरते मानून चालायचे की प्रत्येक बंधातले इलेक्ट्रॉन त्यांना जास्त ओढणाऱ्या अणूच्याच मालकीचे. मग अणूवर जो प्रभार उरेल तो त्याचा ऑक्सिडीकरण अंक. हा वहीतला आकडा आहे, अणूवर खरोखर तेवढा प्रभार असतोच असे नाही.

नियम थोडके आहेत. सुट्या मूलद्रव्याचा अंक शून्य. एकाच अणूच्या आयनाचा अंक त्याच्या प्रभाराइतका. फ्लोरिनचा संयुगात नेहमी −१. हायड्रोजनचा बहुतेक वेळा +१, पण सोडियम हायड्राइडसारख्या धातूंच्या हायड्राइडमध्ये −१. ऑक्सिजनचा बहुतेक वेळा −२, पण पेरॉक्साइडमध्ये −१. आणि सगळ्या अंकांची बेरीज संयुगात शून्य, आयनात त्याच्या एकूण प्रभाराइतकी.

डायक्रोमेट आयन घेऊ. त्यात क्रोमियमचे २ अणू, ऑक्सिजनचे ७, एकूण प्रभार −२. ऑक्सिजनचे मिळून −१४. बेरीज −२ यायची तर दोन क्रोमियमचे मिळून +१२, म्हणजे प्रत्येकी +६. परमँगनेटमध्ये मँगनीजचा एक अणू आणि ऑक्सिजनचे चार, प्रभार −१: तिथे मँगनीज +७ येतो. दोन्ही आकडे स्वतः काढून पाहा, वाचून पुढे जाऊ नका.

कधी उत्तर अपूर्णांकात येते. मॅग्नेटाइट या लोखंडाच्या धातुकात लोहाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार. प्रत्येक लोहाला ८/३ येतात. अणू अर्धामुर्धा इलेक्ट्रॉन देत नाही. ही सरासरी आहे. प्रत्यक्षात दोन लोह +३ आणि एक +२ असतो.

अभिक्रियेत कोणाचा अंक वाढला तर त्याचे ऑक्सिडीकरण, कमी झाला तर क्षपण. कोणाचाच बदलला नाही तर ती रेडॉक्स नाहीच. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना उदासीन करतात तेव्हा, किंवा सिल्व्हर नायट्रेट आणि मिठाच्या द्रावणातून पांढरा साका पडतो तेव्हा, सगळे अंक आहेत तिथेच राहतात. उलट हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन होताना एकच मूलद्रव्य दोन्ही कामे करते: ऑक्सिजनचा −१ अंक पाण्यात −२ होतो आणि वायूत ०. देणारा आणि घेणारा एकाच घरातले. सराव करताना हे उदाहरण जरूर घ्या, म्हणजे 'एक पदार्थ देतो, दुसरा घेतो' ही ठरीव कल्पना मोडते.

पायरी ४: समीकरण संतुलित करणे

अंदाजाने आकडे बसवत राहण्यापेक्षा अर्धअभिक्रियांची, म्हणजे देणे आणि घेणे वेगळ्या ओळींत लिहायची, रीत शिका. एकदा हातात बसली की कितीही अवघड समीकरण पाच मिनिटांत सुटते. उदाहरण प्रसिद्धच घेऊ: आम्लयुक्त द्रावणात जांभळे परमँगनेट फेरस आयनांचे फेरिकमध्ये रूपांतर करते आणि स्वतः जवळजवळ रंगहीन मँगनीज (२+) होते.

सोपा अर्धा भाग आधी लिहा:
लोह (२+) → लोह (३+) + १ इलेक्ट्रॉन

दुसरा अर्धा भाग क्रमाक्रमाने. सुरुवातीला: परमँगनेट → मँगनीज (२+). मँगनीज दोन्हीकडे एकेक आहे, ठीक. डावीकडे ऑक्सिजन ४ आहेत, उजवीकडे नाहीत, म्हणून उजवीकडे ४ पाणी लिहा. त्यामुळे उजवीकडे ८ हायड्रोजन आले, म्हणून डावीकडे ८ हायड्रोजन आयन लिहा. द्रावण आम्लयुक्त आहे, तेव्हा ते उपलब्ध आहेतच. आता प्रभार मोजा: डावीकडे −१ आणि +८ मिळून +७, उजवीकडे +२. फरक ५. म्हणून डावीकडे ५ इलेक्ट्रॉन:

परमँगनेट + ८ हायड्रोजन आयन + ५ इलेक्ट्रॉन → मँगनीज (२+) + ४ पाणी

ताळा लगेच पाहता येतो. मँगनीजचा अंक +७ वरून +२ झाला, म्हणजे ५ने उतरला. इलेक्ट्रॉनही ५च. जुळले.

दिलेले आणि घेतलेले इलेक्ट्रॉन सारखे हवेत, म्हणून लोहाची ओळ ५ने गुणा आणि दोन्ही ओळी मिळवा:

परमँगनेट + ८ हायड्रोजन आयन + ५ लोह (२+) → मँगनीज (२+) + ४ पाणी + ५ लोह (३+)

शेवटी प्रभाराची बेरीज: डावीकडे −१ + ८ + १० = १७, उजवीकडे २ + १५ = १७. ही शेवटची ओळ टाळणारे बरेच असतात. अणू जुळले म्हणजे झाले असे त्यांना वाटते. अणू जुळूनही प्रभार चुकलेला असू शकतो. द्रावण अल्कधर्मी असेल तर आधी असेच सोडवा, मग जितके हायड्रोजन आयन आहेत तितके हायड्रॉक्साइड आयन दोन्ही बाजूंना मिळवा, जोड्यांचे पाणी करा आणि दोन्हीकडचे पाणी वजा करा.

पायरी ५: देणारा आणि घेणारा वेगळे करा, म्हणजे घट (सेल) झाला

खिळ्याच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन लोहाकडून तांब्याकडे थेट गेले. त्या व्यवहारात ऊर्जा निघाली, पण ती उष्णता होऊन वाया गेली. देणारा एका पेल्यात आणि घेणारा दुसऱ्यात ठेवला, तर इलेक्ट्रॉनांना तारेतूनच जावे लागेल आणि वाटेत त्यांच्याकडून काम करून घेता येईल. सगळ्या बॅटऱ्या या एका कल्पनेवर उभ्या आहेत. व्होल्टाने १८००मध्ये जस्त, चांदी आणि खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या चकत्या एकावर एक रचून सलग वीज मिळवली. पण तिचा प्रवाह लवकर मंदावत असे. जॉन डॅनियलने १८३६मध्ये त्यावर उपाय काढला. आपण त्याचाच घट करू.

एका पेल्यात १०० मिली पाणी आणि २५ ग्रॅम मोरचूद, दुसऱ्यात १०० मिली पाणी आणि साधारण २९ ग्रॅम झिंक सल्फेट घ्या. ही दोन्ही द्रावणे ढोबळमानाने एक मोलर होतात, म्हणजे लिटरमागे एक मोल पदार्थ (मोल हे कण मोजायचे एकक, डझनासारखे पण फार मोठे). मोरचुदात घासलेली तांब्याची पट्टी, झिंक सल्फेटमध्ये घासलेली जस्ताची पट्टी उभी करा. पट्ट्या मल्टिमीटरला जोडा आणि तो व्होल्टवर ठेवा. आकडा स्थिर दिसणार नाही, कारण मंडल पूर्ण झालेले नाही.

आता गाळणकागदाची रुंद पट्टी पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून एक टोक या पेल्यात, एक त्या पेल्यात सोडा. मीटर १.१च्या आसपास, घरगुती सामानात बहुधा १.० ते १.१ व्होल्टच्या दरम्यान येऊन ठरतो.

हा कागद म्हणजे क्षारसेतू, आणि त्याचे काम नीट समजून घ्या. जस्त विरघळते तसे त्याच्या पेल्यात धन आयन वाढतात. तांब्याच्या पेल्यातले धन आयन धातू होऊन निघून जातात, तिथे सल्फेट उरते. प्रभाराचा हा तोल कोणी सावरला नाही, तर इलेक्ट्रॉनांचा प्रवास क्षणात थांबेल. सेतूतले नायट्रेट आयन जस्ताकडे सरकतात, पोटॅशियम आयन तांब्याकडे, आणि तोल राहतो. सेतूतून इलेक्ट्रॉन पोहत जातात, ही समजूत अनेकांच्या मनात घट्ट बसलेली असते. इलेक्ट्रॉन तारेतून, आयन पाण्यातून: दोघांचे रस्ते वेगळे. सेतूसाठी साधे मीठही इथे चालते. पण एका बाजूला सिल्व्हर नायट्रेट असेल तर मिठातल्या क्लोराइडमुळे साका पडून सेतू तुंबतो, म्हणून पोटॅशियम नायट्रेट बरे.

आकडा नीट येत नसेल तर हे पाहा. उणे चिन्ह दिसले तर मीटरच्या तारा उलट लागल्या आहेत; काही बिघडलेले नाही. आकडा शून्य किंवा अस्थिर असेल तर बहुतेक वेळा सेतू सुकलेला असतो किंवा चिमट्याखाली धातूवर मळ असतो. जस्ताची पट्टी काळपट झाली तर मोरचुदाचे पाणी तिकडे पोचले आहे. आणि व्होल्ट पूर्ण दिसत असूनही एलईडी पेटत नाही, ही हमखास तक्रार. लाल एलईडीलाही साधारण १.८ व्होल्ट लागतात, म्हणून निदान दोन घट एकामागे एक जोडा. तरी मंद पेटला तर दोष कागदी सेतूचा: त्याचा रोध मोठा असतो. पट्टी रुंद करा, पेले जवळ आणा. पट्ट्या मोठ्या केल्याने प्रवाह वाढतो, व्होल्ट मात्र वाढत नाहीत.

लिंबात जस्त आणि तांबे खुपसून केलेला घट सर्वांनी पाहिलेला असतो, आणि त्याचे स्पष्टीकरण बऱ्याच ठिकाणी चुकीचे दिलेले असते. लिंबाच्या रसात तांब्याचे आयन जवळपास नसतातच. तिथे इलेक्ट्रॉन घेतात ते आम्लाचे हायड्रोजन आयन. तांबे फक्त त्यांना भेटायची जागा देते. म्हणूनच त्याचा व्होल्ट १.१ न येता साधारण ०.९ येतो. आणि वीज लिंबातून येत नाही, जस्तातून येते. जस्त संपले की ताजे लिंबूही काही करू शकत नाही.

पायरी ६: कोण कोणाला देईल?

लोह तांब्याला इलेक्ट्रॉन देते, तांबे लोहाला देत नाही. हे आधीच सांगता यावे म्हणून प्रमाण क्षपण विभवांचा, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ व्होल्टमध्ये सांगणाऱ्या आकड्यांचा, तक्ता असतो. त्यात हायड्रोजनच्या अर्धघटाला (घटाच्या एका बाजूला) शून्य मानले आहे आणि इतरांना त्याच्या तुलनेत मोजले आहे. समुद्रसपाटी शून्य मानून डोंगरांची उंची सांगावी, तसे. २५ अंश सेल्सिअसला काही आकडे असे:

लिथियम −३.०४
मॅग्नेशियम −२.३७
अ‍ॅल्युमिनियम −१.६६
जस्त −०.७६
लोह −०.४४
शिसे −०.१३
हायड्रोजन ०
तांबे +०.३४
चांदी +०.८०

जितके उणे तितका देण्याकडे कल, जितके अधिक तितका घेण्याकडे. घटाचा व्होल्ट काढायचा तर घेणाऱ्याच्या आकड्यातून देणाऱ्याचा वजा करा. डॅनियल घटात ०.३४ − (−०.७६) = १.१० व्होल्ट. उत्तर अधिक आले तर अभिक्रिया आपणहून घडू शकते, उणे आले तर उलट दिशेने.

एक सापळा: समीकरण संतुलित करताना अर्धअभिक्रिया २ने किंवा ५ने गुणली, तरी तिचा विभव गुणायचा नाही. विभव म्हणजे उंची आहे. डोंगरावरून एक दगड लोटा की पाच, उंची तीच राहते.

दुसरा सापळा जास्त रंजक आहे. तक्ता कल सांगतो, वेग सांगत नाही. अ‍ॅल्युमिनियम −१.६६ वर आहे, म्हणजे मोरचुदात पडताच त्याने धुमाकूळ घालायला हवा. अ‍ॅल्युमिनियमच्या पन्नीचा (फॉइलचा) तुकडा टाकून पाहा: बराच वेळ काहीच होत नाही, कारण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर असतो. आता चिमूटभर मीठ टाका. क्लोराइड आयन त्या थराला भेदतात, आणि थोड्याच वेळात पन्नी झिजू लागते, तांबे भरभरून सुटते, बुडबुडे येतात, पेला तापतो. पन्नी छोटी घ्या आणि पेला हातात धरू नका.

विभवांचे हे आकडे एक मोलर द्रावणासाठी आहेत. संहती (द्रावण किती तीव्र आहे ते) बदलली की नेर्न्स्टचे समीकरण वापरायचे: २५ अंशांना, प्रमाण व्होल्टमधून (०.०५९२ ÷ इलेक्ट्रॉनांची संख्या) गुणिले अभिक्रिया भागफलाचा लॉग (१० पायाचा) वजा करा. डॅनियल घटात हा भागफल म्हणजे जस्ताच्या आयनांची संहती भागिले तांब्याच्या आयनांची. डॅनियल घटात तांब्याचे द्रावण हजारपट पातळ केले आणि जस्ताचे एक मोलरच ठेवले, तर भागफल १००० होतो, त्याचा लॉग ३. वजा करायचे ०.०२९६ × ३, म्हणजे ०.०९. उरले १.०१ व्होल्ट. हजारपट पातळ करूनही दहा टक्केसुद्धा फरक पडला नाही, हे बघण्यासारखे आहे. घरच्या तराजूवर ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी प्रयोग का जमतो, याचे उत्तर या लॉगमध्ये आहे.

पायरी ७: उलटी गंगा, म्हणजे विद्युत अपघटन

आपणहून न घडणारी अभिक्रिया बाहेरून वीज देऊन घडवता येते. व्होल्टाची बातमी इंग्लंडमध्ये पोचली त्याच वर्षी निकोल्सन आणि कार्लाइल यांनी पाण्याचे अपघटन केले. १८०७मध्ये डेव्हीने याच मार्गाने पोटॅशियम आणि सोडियम प्रथमच धातुरूपात मिळवले. अ‍ॅल्युमिनियम आजही असेच मिळते: अ‍ॅल्युमिना क्रायोलाइट या वितळलेल्या खनिजात विरघळवून त्यातून प्रवाह सोडतात. हॉल आणि एरू यांनी ही रीत १८८६मध्ये, एकमेकांना न कळता, शोधली.

पाण्याचे अपघटन करायचे तर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा, पेन्सिलीच्या शिशाच्या दोन कांड्या बुडवा आणि ९ व्होल्टची बॅटरी जोडा. ऋण टोकाशी हायड्रोजन, धन टोकाशी ऑक्सिजन. हिशोबाने प्रमाण २:१ हवे, पण ऑक्सिजन कमीच भरतो, कारण त्यातला काही पाण्यात विरघळतो आणि काही ग्राफाइटलाच खातो. धन बाजूची कांडी झिजून पाणी काळे होते ते त्यामुळे. इथे चार गोष्टी करू नका. मीठ घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. स्टेनलेस स्टीलचे चमचे लावू नका, त्यातल्या क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात येऊ शकतात. भांडे बंद करू नका, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे मिश्रण ठिणगीने स्फोट करते. आणि भिंतीतल्या विजेला हात लावू नका.

मुलामा देणे याहून समाधानाचे काम आहे. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याची पट्टी दीड व्होल्टच्या सेलच्या धन टोकाला जोडा, पेन्सिलीच्या शिशाची २ मिलिमीटर जाड कांडी ऋण टोकाला. मंडलात साधारण २२ ओहमचा रोध आणि मिलिअँपिअरवर ठेवलेला मल्टिमीटर एकामागे एक जोडा. मीटर या स्थितीत सेलच्या दोन टोकांना थेट लावू नका, आतला फ्यूज जाईल. कांडी ५ सेंटिमीटर बुडवली की ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह तिला मानवतो. घाई करून वाढवला तर गुळगुळीत थराऐवजी काळपट भुगा बसतो. मुलाम्यासाठी लोखंडी वस्तू मात्र घेऊ नका. का, ते पहिल्या पायरीने सांगितलेच आहे: बटण दाबण्याआधीच तिच्यावर तांबे बसू लागेल, आणि तो थर पुसला जाणारा असेल.

आता फॅरडेचा हिशोब. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कूलोम प्रभार, आणि कूलोम म्हणजे अँपिअर गुणिले सेकंद. प्रवाह ०.०५ अँपिअर, वेळ एक तास, म्हणजे ३,६०० सेकंद:

प्रभार = ०.०५ × ३,६०० = १८० कूलोम
इलेक्ट्रॉन = १८० ÷ ९६,४८५ = ०.००१८७ मोल
तांबे = त्याच्या निम्मे, ०.०००९३ मोल
वजन = ०.०००९३ × ६३.५५ = सुमारे ०.०५९ ग्रॅम

निम्मे का, हे विसरू नका: तांब्याच्या प्रत्येक आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात. चांदी असती तर एकच लागला असता. शतांश ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर कांडी सुकवून आधी-नंतरचे वजन घ्या, ०.०६च्या आसपास फरक दिसतो. तितकेच वजन तांब्याच्या पट्टीतून कमी होते.

अ‍ॅनोड, कॅथोड आणि धनाग्राची अडचण

आतापर्यंत मी हे शब्द मुद्दाम टाळले. व्याख्या साधी आहे: ऑक्सिडीकरण जिथे घडते तो अ‍ॅनोड, क्षपण जिथे घडते तो कॅथोड. मघाचीच युक्ती इथेही चालते: ऑ आणि अ‍ॅ हे दोन्ही स्वर एकत्र, क्ष आणि कॅ हे दोन्ही 'क'वाले एकत्र. घट कोणताही असो, ही व्याख्या बदलत नाही.

चिन्ह मात्र बदलते. मुलाम्याच्या पेल्यात तांब्याची पट्टी विरघळते, म्हणून ती अ‍ॅनोड, आणि ती सेलच्या धन टोकाला आहे. डॅनियल घटात जस्त विरघळते, म्हणून ते अ‍ॅनोड. पण तिथून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, म्हणून ते त्या घटाचे ऋण टोक! आपल्याकडे अ‍ॅनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणायची पद्धत आहे. विद्युत अपघटनात ती ठीक चालते. वीज देणाऱ्या घटात 'धनाग्र ऋण असते' असे विचित्र वाक्य म्हणावे लागते. म्हणून या विषयापुरते तरी अ‍ॅनोड आणि कॅथोड हेच शब्द वापरा. फॅरडेने विल्यम ह्युएल या विद्वानाच्या सल्ल्याने १८३४मध्ये हे शब्द स्वीकारले ते याचसाठी की प्रवाहाच्या दिशेविषयी पुढेमागे मत बदलले तरी नावे बाधू नयेत. आपण भाषांतरात नेमके ते बाधवून ठेवले.

पुन्हा भारित होणाऱ्या बॅटरीत आणखी मजा. गाडीच्या शिसे-आम्ल बॅटरीत वीज देताना एका पट्टीवरचे शिसे ० वरून +२ होते आणि दुसरीवरचे शिशाचे डायऑक्साइड +४ वरून +२. दोन्हीकडे शेवटी लेड सल्फेटच साचते. अशा एका घटाचे सुमारे २ व्होल्ट, सहा घटांचे १२. चार्जर लावला की सगळे उलटते: मघाशी शिसे इलेक्ट्रॉन देत होते त्या पट्टीवर आता ते घेतले जातात, म्हणजे अ‍ॅनोड होता तो कॅथोड झाला. तिचे ऋण चिन्ह मात्र तेच राहते. बॅटरीच्या धंद्यातले लोक ऋण पट्टीला कायमच अ‍ॅनोड म्हणतात. ती सवय आहे, व्याख्या नव्हे; लिथियम-आयन बॅटरीविषयी वाचताना हे डोक्यात ठेवा.

गंजण्याविषयी थोडक्यात. लोखंडावर पाण्याचा थेंब बसला की तो एक इवलासा घटच असतो: एका जागी लोह इलेक्ट्रॉन देते, दुसऱ्या जागी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो, आणि लोखंड स्वतःच तार होते. मीठ असले की पाण्यातून आयन सहज सरकतात, म्हणून समुद्राकाठी गंज झपाट्याने चढतो. जस्ताचा थर दिलेल्या पत्र्यावर ओरखडा पडला तरी लोखंड काही काळ सुरक्षित राहते, कारण −०.७६वाले जस्त −०.४४वाल्या लोहाच्या आधी इलेक्ट्रॉन देते. कथलाच्या थराला (−०.१४) ओरखडा पडला, तर उलट लोखंडच आधी बळी जाते.

आवरताना

उरलेले मोरचुदाचे सगळे पाणी एका प्लॅस्टिकच्या भांड्यात जमा करा. तांब्याचे आयन पाण्यातल्या जिवांना घातक असतात. भांड्यात घासलेले लोखंडी खिळे भरपूर टाका आणि दोन-तीन दिवस, अधूनमधून हलवत, उघडे ठेवा. निळा रंग पूर्ण गेला की तांबे धातू होऊन खाली आणि खिळ्यांवर बसलेले असते. खात्रीसाठी थोडे द्रावण वेगळे काढून त्यात नवा घासलेला खिळा दहा मिनिटे बुडवा. तो तांबूस झाला तर अजून एक दिवस थांबा. झाला नाही तर द्रावण गाळून घ्या, तांब्याचा गाळ सुकवून बाटलीत भरा आणि त्यावर चिठ्ठी लावा. झिंक सल्फेटचे द्रावण झाकण लावून ठेवले तर पुढच्या वेळी पुन्हा वापरता येते.